उसनी पात्रे

वार्षिकांकासाठी साहित्य मागविणारी सूचना फलकावर लागते, तेव्हा तिच्यात एक वाक्य हटकून असते : 'साहित्य स्वतंत्र असावे.' वाक्य दिसायला साधे आहे आणि त्यामागील हेतूही चांगला आहे. दुसऱ्याची कविता आपल्या नावाने छापून आणणारे महाभाग प्रत्येक महाविद्यालयात असतात, त्यांना आळा बसावा एवढाच त्याचा उद्देश. पण या तीन शब्दांमुळे काही वह्या दप्तरातून बाहेरच निघत नाहीत, हे संपादक मंडळाला ठाऊक नसावे. त्या वह्यांची बाजू मांडण्यासाठी हा लेख.

या वह्यांत काय असते? फास्टर फेणेची एक नवी गोष्ट असते. वेताळाची, म्हणजे जंगलातल्या त्या मुखवटेवाल्याची, शिसपेन्सिलीने काढलेली चित्रकथा असते. एखाद्या दूरदर्शन मालिकेचा शेवट पटला नाही म्हणून कोणी तो बदलून लिहिलेला असतो. एखाद्या कादंबरीत दोन पानांपुरती येऊन गेलेली मोलकरीण कोणा मुलीच्या मनात घर करून बसते आणि ती तिची सबंध कहाणी लिहून काढते. इंग्रजीत या प्रकाराला फॅन फिक्शन म्हणतात. आपण त्याला चाहत्याचे लेखन म्हणू. ज्याची पात्रे आपल्याला आवडली त्याच्याकडून ती उसनी आणायची आणि त्यांच्या जिवावर आपली गोष्ट सांगायची, असा हा छंद. तो मलाही आहे.

या छंदाविषयी जाणत्या मंडळींचे मत फारसे चांगले नाही. एका गृहस्थांनी माझी वही चाळून 'हे उष्टे आहे' असा एका शब्दात निकाल दिला. उष्टे म्हणजे दुसऱ्याने खाऊन टाकलेले. मला राग आला नाही, पण तो शब्द डोक्यात राहिला. उष्टे कशाला म्हणावे आणि प्रसाद कशाला म्हणावा, याचा विचार करता करता मी आपल्याच ग्रंथालयातल्या कपाटापाशी जाऊन पोहोचले.

त्या कपाटात वि. स. खांडेकरांची 'ययाति' आहे. ती १९५९ साली प्रसिद्ध झाली आणि पुढे १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार खांडेकरांना मिळाला. मराठीला मिळालेला तो पहिला ज्ञानपीठ. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा यांपैकी कोणालाही खांडेकरांनी जन्म दिलेला नाही. ही माणसे महाभारतातली. त्याच कपाटात शिवाजी सावंतांची १९६७ ची 'मृत्युंजय' आहे. तिची पाने इतकी हाताळली गेली आहेत की पुठ्ठा सुटून आला आहे. कर्ण व्यासांचा, पण सावंतांनी त्याच्याबरोबर वृषालीला आणि शोणालाही बोलायला लावले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या इरावती कर्व्यांच्या 'युगान्त'ने तर एकेका पात्राला बाजूला घेऊन प्रश्न विचारले. या तिन्ही पुस्तकांना कोणी उष्टे म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

लांब कशाला जावे? आपण राजूरचे लोक ज्या गणपतीच्या पायथ्याशी राहतो, त्याचीच कथा घ्या. अंगारकी चतुर्थीला जालना-भोकरदन रस्त्यावर पायी येणाऱ्यांची रीघ लागते. त्यांतल्या पुष्कळांना ठाऊक असते की हे राजसदन क्षेत्र, सिंदुरासुराच्या वधानंतर गजाननाने वरेण्य राजाला येथेच उपदेश केला, अशी श्रद्धा आहे. तो उपदेश म्हणजे गणेशगीता. गणेशपुराणाच्या क्रीडाखंडात तिचे अकरा अध्याय आहेत. कृष्णाच्या जागी गजानन आणि अर्जुनाच्या जागी वरेण्य, अशी तिची मांडणी. भगवद्गीतेतले कितीतरी श्लोक थोड्याफार फरकाने तिच्यात आले आहेत. म्हणजे कोणा एका गणेशभक्ताला गीता इतकी आवडली की ती आपल्या देवाच्या मुखातून ऐकावी असे त्याला वाटले. या इच्छेला मी चाहत्याची इच्छा म्हटले तर भाविकांनी राग मानू नये. भक्त आणि चाहता यांच्यात अंतर आहे हे खरे, पण दोघेही एकाच वाटेने निघालेले असतात.

पैठणही आपल्यापासून फार दूर नाही. नाथांचे भावार्थरामायण अपुरे राहिले. युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायापर्यंत नाथांनी लिहिले आणि उरलेला ग्रंथ त्यांच्या गावबा नावाच्या शिष्याने पुरा केला, असे परंपरा सांगते. हा गावबा पुरणपोळीच्या आवडीने नाथांच्या घरी राहिलेला, फारसा शिकलेला नसलेला मुलगा, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेतला खरेखोटेपणा विद्वानांनी ठरवावा. मला तिच्यात एक गोष्ट मोलाची वाटते. गुरूचा ग्रंथ पुढे नेण्याचे काम लोकांच्या कल्पनेने पंडितावर सोपविले नाही. घरात बसून रोज ऐकणाऱ्या साध्या पोरावर सोपविले.

यावर कोणी म्हणेल की, रामायण-महाभारत ही सर्वांची मालमत्ता आहे आणि नाथ-खांडेकर ही थोर माणसे आहेत. त्यांच्याशी तुमच्या वह्यांची बरोबरी कशी करता? बरोबरी करीतच नाही. गुणांत आमच्या वह्या कोठेच बसत नाहीत. मी फक्त रीत दाखविते आहे. रीत जुनी आहे आणि ती आपली आहे, एवढेच माझे म्हणणे.

आणि ही रीत केवळ आवडीपोटी चालत आली असेही नाही. पुष्कळदा ती नावडीतून जन्मते. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली. धोंडिबा आणि जोतीराव यांचा तो संवाद. मत्स्य, वराह, नरसिंह, वामन, परशुराम या साऱ्या अवतारकथा त्यांनी हाती घेतल्या आणि त्या बळीराजाच्या बाजूने उभे राहून वाचल्या. पात्रे तीच, घटना त्याच, पण पाहणाऱ्याची जागा बदलली आणि कथेचा अर्थ उलटा झाला. साहेबाच्या देशातही पुढे असे घडले. १८४७ च्या 'जेन एअर' कादंबरीत माडीवर कोंडून ठेवलेली एक वेडी बायको आहे. कॅरिबियन बेटावर जन्मलेल्या जीन ऱ्हिस या लेखिकेला प्रश्न पडला की, ही बाई कोण, कोठली, आणि तिला वेड कोणी लावले? त्या प्रश्नातून १९६६ साली 'वाइड सारगॅसो सी' ही कादंबरी आली. 'आणि त्या दुसऱ्या माणसाचे काय झाले?' असे विचारणारा वाचक हाच खरा चाहता, आणि मला वाटते, खरा टीकाकारही तोच.

आमच्या आज्या-पणज्यांना हे सांगावे लागले नाही. पहाटे जात्यावर बसून त्या सीतेच्या ओव्या गात. त्यांची सीता अयोध्येच्या महालात नसे. ती सासुरवासाने गांजलेली, पाण्याला लांब जाणारी, माहेरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली असे. वाल्मीकीच्या सीतेला त्यांनी आपल्या गावात आणून नांदविले. अक्षरओळख नसलेल्या बायांनी हे केले आणि आपण त्याला लोकसाहित्य म्हणून अभ्यासक्रमात लावले. मग तिची नात वहीत तेच करू लागली तर ते उष्टे कसे होते?

आता फास्टर फेणेविषयी. भा. रा. भागवतांचा हा बनेश फेणे मूळचा फुरसुंगीचा, शिकायला पुण्याच्या विद्याभवनात. सायकलीवर वाऱ्यासारखा जाणारा आणि आनंद झाला की 'ट्टॉक' करणारा. त्याच्या गोष्टी वाचताना मला नेहमी वाटायचे की हा मुलगा कोठेकोठे जातो, मग आमच्याकडे का येत नाही? पुण्यामुंबईच्या मुलांना हा प्रश्न पडत नसावा, कारण बहुतेक पुस्तके त्यांच्याच गल्लीतून निघतात. आमच्या घरात अभ्यासाची सोडून दुसरी पुस्तके आणणारी मीच पहिली. ज्या पुस्तकांवर मी जीव लावला त्यांपैकी एकातही राजूरचे बसस्थानक नव्हते, चतुर्थीच्या जत्रेतली धूळ नव्हती, टँकरची वाट पाहणारी घागरींची रांग नव्हती. म्हणून मी फेणेला येथे आणले. अंगारकीच्या गर्दीत त्याची सायकल हरवली आणि ती शोधता शोधता त्याने पाण्याच्या टँकरची एक भानगड उघडकीस आणली. गोष्ट फार चांगली झाली असा माझा दावा नाही. पण ती लिहिताना राजूर हे गोष्ट घडण्याजोगे गाव आहे, हे मला प्रथमच कळले. माझ्या मते या छंदाचे सगळ्यात मोठे देणे हेच आहे. ज्यांच्या गावात पुस्तके जात नाहीत, त्यांना पुस्तकात आपले गाव नेता येते.

दुसरे देणे कारागिरीचे. नवशिक्याला एकाच वेळी माणसे उभी करायची, कथानक रचायचे आणि भाषाही सांभाळायची, म्हणजे तीन घागरी एकदम डोक्यावर घेण्यासारखे आहे. पात्रे उसनी मिळाली तर एक घागर कमी होते. मोठ्यांचीही सुरुवात कोणाच्या तरी वळणावरच झालेली दिसते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या 'सुदाम्याच्या पोह्यां'तून सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या ही मंडळी मराठीत आली. कोल्हटकरांना गुरू मानणाऱ्या राम गणेश गडकऱ्यांनी त्याच वळणावर 'बाळकराम' या टोपणनावाने विनोदी लेख लिहिले आणि लिहिता लिहिता ते वळण मागे टाकून तिंबूनानांच्या ठकीच्या लग्नाची मोहीम पूर्णपणे आपली केली. गिरवल्याशिवाय अक्षर वळणदार होत नाही, हे पहिलीतल्या मुलालाही माहीत असते. गिरवणे कोठे थांबवायचे ते मात्र ज्याचे त्याला कळावे लागते.

चित्रकथांचे दुःख याहून वेगळे. त्यांना तर वाचन म्हणायलाच कोणी तयार नसते. 'चित्रांची पुस्तके लहान मुलांची, ती वाचून भाषा बिघडते' असे आपण सर्वांनी ऐकलेले आहे. मामांच्या पत्र्याच्या पेटीत आणि जालन्याच्या रद्दीच्या दुकानात मला जुने 'चांदोबा' आणि इंद्रजाल कॉमिक्सचे अंक सापडले. मराठी 'चांदोबा' १९५२ साली निघाला. विक्रमाच्या खांद्यावरचे ते प्रेत घराघरांत पोहोचविणारे चित्रकार शंकर २०२० साली वारले. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ला सुरू होऊन १९९० ला बंद पडली. त्यांतला वेताळ परदेशी. ली फॉक यांनी त्याला १९३६ साली जन्म दिला. पण १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी त्याच पुस्तकांतून चंबळच्या खोऱ्यातला 'बहादूर' उभा केला. साहसी नायक परदेशातूनच यावा लागतो असे नाही, हे वाचकांना त्यामुळे दिसले. अनंत पै यांची अमर चित्र कथा १९६७ ची. पुढे १९९१ पासून 'सकाळ'मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' आला आणि थोरामोठ्यांनीही सकाळी आधी चिंटू आणि मग बातम्या असा क्रम लावून घेतला. या सगळ्याला वाचन म्हणायचे नाही तर काय म्हणायचे?

चित्रकथा काढून पाहिल्याशिवाय तिची अडचण कळत नाही. एका चौकटीत माणूस विहिरीच्या काठावर उभा आहे, दुसऱ्या चौकटीत काठावर नुसत्या चपला आहेत. मधले काही काढलेले नाही, तरी वाचकाने ते पाहिलेले असते. काय दाखवायचे याहून काय गाळायचे हे ठरविणे अवघड, आणि फुग्यात आठ-दहा शब्दांहून जास्त मावत नाहीत, त्यामुळे भाषा आपोआप काटेकोर होते. निबंधातल्या अलंकारांची खोड मोडायला मला याहून चांगला उपाय सापडलेला नाही.

शिवाय चित्रांतून कथा सांगणे आपण परक्यांकडून शिकलो असेही नाही. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रकथीचे सुटे कागद एकामागून एक दाखवीत रामायण-महाभारत गाऊन सांगत आले आहेत. ती परंपरा जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. अशाच धाटणीच्या चित्रांची एक शैली पैठणच्या नावाने ओळखली जाते. अलीकडचे उदाहरण हवे असेल तर २०११ चे 'भीमायन' पाहावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातले प्रसंग दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी त्यात रंगविले आहेत. त्यांनी चौकोनी चौकटी मोडून काढल्या. सोसणाऱ्यांच्या बोलण्याला त्यांनी पाखराचा आकार दिला आणि विषारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी काढली. गावाकडच्या हाताने काढलेली चित्रकथा किती गंभीर विषय पेलू शकते, याचा हा पुरावा आहे.

इथवर मी छंदाची वकिली केली. आता दुसरी बाजू सांगितली नाही तर ते लबाडीचे होईल. या छंदात मर्यादा सुटायला वेळ लागत नाही.

पहिली मर्यादा नाथांनीच घालून दिलेली आहे. ज्या नाथांचा ग्रंथ शिष्याने पुढे नेला, त्याच नाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीत शिरलेले चुकीचे पाठ काढून तिची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि आपल्या पदरची ओवी तीत कोणी घालू नये असे बजावले. मला या दोन गोष्टींत विरोध दिसत नाही. ज्ञानदेवांवर प्रेम असेल तर आपला ग्रंथ लिहावा, नाथांनी तेच केले. पण आपली ओवी ज्ञानदेवांच्या नावावर खपवू नये. आज भ्रमणध्वनीवर थोर पुरुषांच्या नावाने जी सुवचने फिरतात, छत्रपतींच्या तोंडी घातलेली जी वाक्ये इतिहास म्हणून पुढे ढकलली जातात, ती या मर्यादेच्या पलीकडची आहेत. चाहत्याचे लेखन हे चाहत्याचे म्हणूनच समोर आले पाहिजे.

दुसरी मर्यादा कायद्याची. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या लेखनावरील हक्क वारसांकडे राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचे साहित्य २०११ पासून सर्वांना मोकळे झाले. भागवत २००१ साली गेले. त्यांच्या पुस्तकांवरचा हक्क २०६१ अखेरपर्यंत आहे. २०१७ साली 'फास्टर फेणे' चित्रपट आला, त्यात वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या घोटाळ्यामागे लागलेला मोठा फेणे दाखविला आणि दिलीप प्रभावळकरांनी खुद्द भागवतांची भूमिका केली. तोही चाहत्यांचाच उद्योग, पण बाजारात मांडलेला, आणि बाजारात मांडायचे तर हक्कदाराची परवानगी लागते. आमच्या वह्यांनी बाजारात जाऊ नये. जपानमध्ये १९७५ पासून तोक्योत हौशी चित्रकथाकारांचा मेळा भरतो. तेथे प्रसिद्ध पात्रांवर बेतलेल्या पुस्तिका थोड्या प्रतींत विकल्या जातात आणि मूळ प्रकाशक बहुधा तिकडे कानाडोळा करतात. तो तेथला सामोपचार आहे; आपण तो गृहीत धरू नये.

तिसरी मर्यादा माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. काही जण नट-नट्या, क्रिकेटपटू अशा हयात माणसांवर कथा रचतात. मला हे मान्य नाही. फास्टर फेणेला मी राजूरच्या नाल्यात पाडले तरी कोणाला खरचटत नाही. जिवंत बाईविषयी रचलेली गोष्ट मात्र तिच्या दारापर्यंत जाते. पात्र उसने मागता येते, माणूस नाही.

अलीकडे आणखी एक शंका काढली जाते. संगणकाला सांगितले की तो फेणेची गोष्ट घटकाभरात लिहून देतो, मग तुम्ही कशाला शाई खर्च करता? उत्तर सोपे आहे. गोष्ट हवी होती म्हणून मी लिहिली नाही, मला लिहायचे होते म्हणून लिहिली. फेणे राजूरला आला तेव्हा त्याला कोठून चालवायचे हे ठरविण्यासाठी मी मंदिराच्या पायऱ्यांपासून बसस्थानकापर्यंत दोनदा चालून आले. ते चालणे माझ्याऐवजी दुसरे कोणी करू शकत नाही.

आमच्याकडे लग्नकार्याला भांडी उसनी आणतात. घंगाळ एका घरचे, परात दुसऱ्या घरची, पातेली तिसऱ्या घरची. प्रत्येकावर मालकाचे नाव कोरलेले असते आणि ते कोणी खरवडून काढीत नाही. कार्य उरकले की भांडी घासूनपुसून परत करतात, आणि जाणती बाई भांडे रिकामे परत करीत नाही, त्यात चार लाडू घालून देते. 'पात्र' या शब्दाचे दोन्ही अर्थ मराठीने एकाच शब्दात ठेवले आहेत, त्याचा आम्ही उपयोग करून घ्यावा. मूळ लेखकाचे नाव कायम ठेवावे, त्याच्या भांड्याला पोचा पाडू नये आणि परत करताना आपल्या घरचे काहीतरी त्यात घालावे. एवढे पाळले तर स्वयंपाक आपलाच असतो. उसन्या परातीत मळली म्हणून पोळी कोणी शेजारणीची म्हणत नाही.

तेव्हा संपादक मंडळाला माझी दोन मागणी आहेत. पुढील अंकात चार पाने अशा लेखनासाठी आणि चित्रकथांसाठी ठेवावीत. मूळ लेखकाचे व पुस्तकाचे नाव शीर्षकाखालीच छापण्याची अट घालावी आणि जेथे हक्क अजून कोणाकडे आहे, तेथे छापण्यापूर्वी पत्र लिहून परवानगी मागावी. ते पत्र लिहिण्याचे काम मी अंगावर घेते. दुसरी मागणी सूचनेतल्या एका शब्दाची. 'साहित्य स्वतंत्र असावे' याऐवजी 'साहित्य स्वतः लिहिलेले असावे' असे फलकावर लिहावे. चोराला त्यानेही आळा बसेल, आणि ज्यांच्या वह्या अजून दप्तरातच आहेत त्यांना त्या बाहेर काढाव्याशा वाटतील.